शिरगणतीत पणजोबांचं नाव कुठे सापडेल?

पत्र : माझं माहेर मूळचं सातारा जिल्ह्यातलं. पण ते गाव मी पाहिलेलं नाही, माझ्या वडिलांनीही नाही. पणजोबा परळच्या गिरणीत लागले आणि चाळीतच राहिले. गाव पुढे कोयना धरणात गेलं, एवढंच घरात सांगतात. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर 'जन्मस्थळ : शिरवली, ता. जावळी' असं आहे, जन्मसाल 1924. थोरले काका म्हणतात, शिरवली आपलं गाव नव्हेच. पण खरं नाव त्यांना आठवत नाही, 'आंब'पासून काहीतरी होतं म्हणतात. माझा भाचा लेस्टरला असतो. त्याची बायको तिथलीच. तिने 1881 सालच्या शिरगणतीतलं तिच्या खापरपणजोबांचं पान काढून दाखवलं : गल्ली, घर नंबर, बायको, पाच मुलं, मोज्यांच्या कारखान्यात काम, सगळं! तेव्हापासून मला चैन नाही. आपल्याकडची 1911 किंवा 1921 ची तशी पानं कुठे मिळतात? एक जण इंटरनेटवर भेटला, 'तुमच्या कुटुंबाचा 1911 चा सेन्सस उतारा' पंधरा हजारांत देतो म्हणतो. द्यावेत का? गावाचे जुने नकाशेही हवे आहेत.
— वि. मो., डोंबिवली

ताई, आधी त्या पंधरा हजारांचं. देऊ नका. तो जे विकायला निघालाय ते अस्तित्वात नाही.

तिकडे इंग्लंडात शिरगणतीची मूळ पानं जपून ठेवली जातात आणि शंभर वर्षं उलटली की लोकांना खुली होतात. 1921 ची खुली झाली जानेवारी 2022 मध्ये. (1931 ची मात्र 1942 साली आगीत जळाली, तेव्हा ते एक पान तुमच्या भाचेसुनेलाही मिळायचं नाही.) आपल्याकडे सरकारला माणसं मोजायची होती, लक्षात ठेवायची नव्हती. 1901 पासून पद्धत अशी होती की, घरोघर भरलेल्या तक्त्यावरून दर माणसामागे एक चिठ्ठी करायची. चिठ्ठीच्या रंगावरून धर्म कळायचा, वरच्या खुणेवरून बाई की पुरुष, लग्न झालेलं की नाही ते कळायचं. मग कारकुनांनी खणाखणांत चिठ्ठ्या वाटायच्या, गठ्ठे मोजायचे, बेरजा मांडायच्या. बेरजा छापल्या गेल्या. चिठ्ठ्या आणि तक्ते, ज्यांच्यावर तुमच्या पणजोबांचं नाव होतं, ते काम झाल्यावर निकालात निघाले. स्वातंत्र्यानंतरच्या शिरगणतीचा तर कायदाच आडवा येतो : 1948 च्या जनगणना कायद्याचं 15 वं कलम सांगतं की, हे कागद कुणाला पाहता येणार नाहीत आणि कोर्टात पुरावा म्हणूनही चालणार नाहीत.

गंमत अशी की, इंग्रजांच्या आधी आपल्याकडे 'खानेसुमारी' व्हायची, म्हणजे घरांची मोजदाद, आणि पुण्याच्या पेशवे दफ्तरातल्या काही पेठांच्या, कसब्यांच्या खानेसुमाऱ्यांत घरधन्यांची नावं चक्क सापडतात. जावळीच्या डोंगरातल्या वाडीची खानेसुमारी सापडेल अशी आशा मी तुम्हाला लावणार नाही. पण पेशवाईतल्या घरधन्याचं नाव कागदावर शिल्लक आणि 1911 च्या गिरणीवाल्याचं नाही, हे मला आजही खटकतं.

मी भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होतो. तीस वर्षं साखळ्या ओढल्या, टिपणं काढली. त्या अनुभवावर सांगतो : शिरगणतीकडे माणूस मागू नका, गाव मागा. माणूस जमिनीच्या कागदात आहे, पाटलाच्या जन्ममृत्यूच्या वहीत आहे, भूसंपादनाच्या निवाड्यात आहे. पण त्या कागदांना हात घालायचा तर गावाचं नाव आणि तालुका बिनचूक लागतो, आणि तुमची गाडी नेमकी तिथेच अडलीय.

तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची ओळ तुम्ही सहज लिहून गेलात. दाखला म्हणतो शिरवली, काका म्हणतात शिरवली आपलं नव्हे. दोघंही खरे असू शकतात.

1924 साली परळच्या चाळीत राहणारी बाई बाळंतपणाला कुठे जायची? दहा बाय दहाच्या खोलीत नव्हे. ती माहेरी जायची. म्हणजे आजोबांचं 'जन्मस्थळ' हे तुमच्या पणजीचं माहेर असण्याचा संभव मोठा आहे. शिरवली हे आजोबांचं आजोळ, आणि 'आंब'वालं गाव ते त्यांचं मूळगाव. हे मी पुस्तकातून सांगत नाही. आमच्या चुलत्यांच्या दाखल्यावरचं गाव धरून मी स्वतः, या खात्यातला माणूस असून, दोन वर्षं एका तालुक्याच्या कचेरीत खेटे घातले. आमच्या आडनावाचा एकही खातेदार त्या गावात निघेना. शेवटी गावातल्या एका म्हातारीने विचारलं, "बाबा, तू तुझ्या आज्याचं घर शोधतोयस का तुझ्या आजीचं?" तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. मुंबईच्या शिरगणतीच्या छापलेल्या बेरजांतही हेच भूत आहे. 1921 ला मुंबईत दर सहा माणसांत जेमतेम एक मुंबईत जन्मलेला. बाकीच्यांत कामाला आलेले असंख्य आहेतच, पण ज्यांचा पाळणा तेवढा गावाला हलला आणि उरलेलं आयुष्य परळ-लालबागला गेलं असेही त्यात आहेत.

म्हणून पहिलं काम कचेरीत नाही, काकांपाशी. त्यांना गावाचं नाव विचारू नका, विचारून विचारून ते आता अंदाजाने काहीतरी सांगतील. बाजाराला कुठे जायचे ते विचारा, आणि कोणत्या वारी. जत्रा कोणत्या तिथीला, देव कोणता. नदी घरापासून किती लांब, पाणी नदीचं की विहिरीचं. होडीत बसून कुठे जावं लागायचं का. आणि पणजीचं माहेर कोणतं.

या बारीकसारीक गोष्टी का, तर त्या छापलेल्या आहेत. सातारा जिल्ह्याचं 1963 साली निघालेलं गॅझेटियर आहे, त्याच्या अखेरीस गावांची लांबलचक सूची आहे. एकेका गावापुढे तालुक्याच्या ठिकाणापासून दिशा आणि अंतर, लोकसंख्या, जवळचं टपालघर, आठवड्याचा बाजार कोणत्या गावी आणि कोणत्या वारी, पिण्याचं पाणी कशाचं, देवळं किती, जत्रा कोणत्या तिथीला, हे सगळं इवल्याशा अक्षरांत, संक्षेपांत दिलेलं आहे. शेतसाऱ्याचे कागद वाचून डोळे शिणलेल्या माझ्यासारख्याला ही सूची म्हणजे मेजवानी वाटते. 'आंब'ने सुरू होणारी गावं आपल्याकडे पैशाला पासरी : आंबवडे, आंबेघर, आंबेवाडी, आंबेगाव. पण 'आंब'ने सुरू होणारं, कोयनेच्या खोऱ्यातलं, ज्याचा बाजार अमुक गावी अमुक वारी आणि जत्रा अमुक पौर्णिमेची, असं म्हटलं की चाळणी लागते. वीस नावांची दोनतीन होतात.

याच्या जोडीला शिरगणती घ्यायची. 1951 पासून दर जिल्ह्याची जनगणना पुस्तिका निघते आणि तिच्यात गाववार आकडे असतात. जुने खंड जनगणना खात्याच्या संकेतस्थळावर स्कॅन करून ठेवलेले आहेत, फुकट. एक खोड लक्षात ठेवा. 1951 ला 'सातारा' शोधून सापडणार नाही. 1949 मध्ये संस्थानं विलीन करून घेताना जिल्ह्याचे दोन भाग झाले, उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा. दक्षिणेचा पुढे 1960 साली सांगली जिल्हा झाला. तुम्हाला पुस्तिका हवी ती उत्तर साताऱ्याची. तिच्यात जावळीच्या यादीत 'आंब'ची नावं टिपून घ्या, लोकसंख्येसकट. मग 1961 ची आणि 1971 ची पुस्तिका उघडा आणि तीच नावं शोधा. जे गाव 1951 ला शेदोनशे माणसांचं होतं आणि पुढे यादीतून गळालं, किंवा नाव उरलं पण माणसांचा आकडा शून्यावर आला, ते पाण्याखाली गेलेलं असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. शिरगणती माणसाचं नाव सांगत नाही, पण गाव मेलं कधी ते दहा वर्षांच्या आत सांगते.

महसुली भाषेत अशा माणसं नसलेल्या गावाला 'बेचिराग' म्हणतात. लोक 'बेचिराख' म्हणतात आणि राखेशी नातं जोडतात. मूळ शब्द फारसी, बे-चिराग, जिथे दिवा लागत नाही. कारकुनाने रकान्यात टाकलेला हा शब्द इतका सुंदर आहे की तो वाचताना मी दर वेळी थांबतो.

जावळी म्हणताना आणखी एक फाटा आहे. आज कोयनेचा तो जलाशय, शिवसागर, तीन तालुक्यांत पसरलेला आहे : महाबळेश्वर, जावळी आणि पाटण. महाबळेश्वर पूर्वी जावळीचाच पेटा, म्हणजे तालुक्याचा पोटभाग, होता. म्हणजे 1924 च्या दाखल्यावर जावळी असलेलं गाव आजच्या महाबळेश्वर तालुक्याच्या कागदांत असू शकतं. मेढ्याला, जावळीच्या तालुक्याच्या ठिकाणी, जाऊन 'असं गाव आमच्याकडे नाही' हे उत्तर ऐकून परत येऊ नका, महाबळेश्वरलाही विचारा. आणि ओघात सांगतो, जावळीचं नाव निघालं की प्रत्येक घरातलं कुणीतरी चंद्रराव मोऱ्यांपर्यंत पोहोचतंच. पोहोचू दे. 1656 पर्यंत जाणारा कागद साध्या शेतकऱ्याच्या घरात नसतो, आणि साताऱ्याचं राज्य 1848 मध्ये खालसा झाल्यावर जी इंग्रजी मोजणी झाली, तिथवर आपण गेलो तरी पुष्कळ झालं.

आता नकाशे. हा माझा प्रांत, तेव्हा जरा जास्त बोलेन.

तुम्हाला दोन तऱ्हेचे नकाशे लागतील. एक, प्रदेशाचा, ज्यावर गाव कुठे होतं ते दिसेल. दुसरा, गावाचा, ज्यावर शेत कुठे होतं ते दिसेल. पहिला सर्व्हे ऑफ इंडियाचा. त्यांच्या स्थलदर्शक नकाशांत देशाचे चौकोन पाडलेले आहेत आणि प्रत्येकाला अंक-अक्षर आहे. कोयनेचं वरचं खोरं येतं '47 जी' या चौकोनात. त्याचे पुढे सोळा तुकडे, एक इंच म्हणजे एक मैल या मापाचे. महाबळेश्वर-तापोळ्याची बाजू 47 जी 9 मध्ये, मेढा शेजारच्या 47 जी 13 मध्ये. आजचा तुकडा घेतलात तर त्यावर निळा रंग फासलेला दिसेल. तुम्हाला धरणाआधीची आवृत्ती हवी. ती मोठ्या ग्रंथालयांत, भूगोल विभाग असलेल्या महाविद्यालयांत पडून असते. तोवर घरबसल्या पाहायचं तर अमेरिकन लष्कराच्या नकाशा विभागाने 1950 च्या दशकात हिंदुस्थानचे अडीच लाखात एक मापाचे नकाशे छापले होते, यू 502 नावाची मालिका. टेक्सास विद्यापीठाच्या संकेतस्थळावर ते फुकट आहेत. ते जुन्या सर्वेक्षणांवरून केलेले, त्यामुळे तिथे कोयना अजून नदी आहे, तलाव नाही. हे माप लहान आहे, एका गावाला एक ठिपका आणि शेजारी बारीक नाव. पण नदीच्या कोणत्या काठाला, कोणत्या वळणावर, हे कळतं.

तो नकाशा समोर आला की बोट महाबळेश्वरावर ठेवा आणि नदी धरून खाली या. कोयना सह्याद्रीच्या कण्याला चिकटून सरळ दक्षिणेला उतरते आणि हेळवाकला काटकोनात पूर्वेला वळून कऱ्हाडला कृष्णेला मिळते. या दक्षिणवाहिनी पट्ट्यातच पाणी साठलंय. तिला वरच्या अंगाला सोळशी आणि कांदाटी या दोन नद्या मिळतात. म्हणून काकांना विचारा, 'आपण कोयनेवरचे की कांदाटीवरचे की सोळशीवरचे?' ही माणसं गावाचं नाव विसरतात, खोऱ्याचं विसरत नाहीत.

नावाच्या इंग्रजी लेखनावर मात्र जीव टाकू नका. शिरवली हे इंग्रजी अक्षरांत चार साहेबांनी चार तऱ्हांनी लिहिलेलं असतं, त्यात व आहे की नाही याचाही नेम नसतो. जुन्या नकाशात आपल्या गावाचं नाव मोठ्याने वाचायचं, डोळ्यांनी नाही. कानाला ओळखीचं लागलं की तेच.

दुसरा नकाशा, गावचा, तो उप अधीक्षक भूमी अभिलेख यांच्या तालुका कचेरीत. 'गाव नकाशा' म्हणा. बुडालेल्या गावाचाही असतो, कारण गाव बुडालं तरी मोजणीचा कागद बुडत नाही. त्यावर सर्व्हे नंबर, नदी, ओढे, वाटा, गावठाण, शिव आणि पलीकडे कोणत्या गावांच्या शिवा भिडतात ती नावं असतात. गावठाणाचा तो छोटासा तुकडा बघाल तर त्यात घरं काढलेली नसतील, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. शेतसारा जमिनीवर होता, त्यामुळे साहेबाला तुमच्या घरात रस नव्हता, शेतात होता. नकाशासोबत त्या सर्व्हे नंबराचं टिपणही मागा. टिपण म्हणजे मोजणीदाराने बांधावर उभं राहून काढलेला कच्चा आराखडा, मापं साखळी आणि आण्यांत. आमची साखळी 33 फुटांची, तिचे सोळा आणे. 33 फूट बाय 33 फूट म्हणजे एक गुंठा, असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. ही मापं कळली की पणजोबांचं वावर तुम्ही परळच्या चाळीशी ताडून पाहू शकाल.

एवढं झालं की माणसांकडे या.

धरणासाठी जमिनी घेतल्या त्या 1894 च्या भूसंपादन कायद्याखाली. त्या कायद्यात दर गावाचा 'निवाडा' होतो. निवाड्यात सर्व्हे नंबरवार खातेदाराचं नाव, क्षेत्र, घरं, झाडं, विहिरी आणि नुकसानभरपाईची रक्कम. तुमच्या भाचेसुनेच्या पानाच्या सगळ्यात जवळ जाणारा आपल्याकडचा कागद हाच. घरातला आंबा किती रुपयांचा धरला हेसुद्धा कधी कधी त्यात असतं. निवाड्याची नक्कल जिल्हाधिकारी कचेरीच्या भूसंपादन शाखेत मागायची. पुढे कुटुंबांना जमीन कुठे दिली ते पुनर्वसन शाखेच्या संकलन रजिस्टरात. पणजोबा मुंबईला असतील, त्यांचं नाव नसेलही, पण त्यांच्या भावांचं, पुतण्यांचं असेल. आडनाव आणि बापाचं नाव जुळलं की तुमची भावकी सापडली.

त्याआधीचे कागद तहसीलच्या अभिलेख कक्षात. तिथे फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कांतल्या बदलांच्या नोंदी, मागा. हक्कनोंदीचा कायदा 1903 चा, फेरफारांच्या वह्या त्यानंतरच्या. माणूस मेला की वारसाची नोंद होते, आणि एका वारस फेरफारात कधी कधी तीन पिढ्या एका ओळीत उभ्या राहतात. बायकांची नावं बहुधा याच एका जागी येतात, विधवा म्हणून किंवा मुलगी म्हणून. कडईपत्रक, म्हणजे सातबाराच्या आधीचा जमिनीचा कागद, मिळालं तर तेही घ्या. सातबारावर न रमता मागे जायचं एवढं लक्षात ठेवा, कारण तिथल्या सातबारावर आता सरकारचं नाव आहे.

हे कागद वाचताना आडनाव शोधू नका, ते बरेचदा लिहिलेलंच नसतं. 'राणू बिन कोंडी' म्हणजे कोंडीचा मुलगा राणू. 'सखू कोम राणू' म्हणजे राणूची बायको सखू. 'अ.पा.क.' म्हणजे खातेदार अज्ञान, वयात न आलेला, आणि पुढे त्याच्या पालनकर्त्याचं नाव. 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, म्हणजे जमीन सगळ्या भावांची आणि नाव थोरल्याचं. पणजोबा धाकटे असतील तर ते या तीन अक्षरांच्या मागे लपलेले आहेत. जमीन स्वतःची नसेल, दुसऱ्याची कसत असतील, तर कुळाच्या नोंदी आणि पाहणीपत्रक बघा. बलुतेदार असतील तर वतनाचे, इनामाचे कागद.

आणि मग गाव नमुना 14. याला लोक कोतवाल बुक म्हणतात. गावचा पाटील जन्ममृत्यू कळवायचा, त्याची ही वही. इथे मात्र शिरवलीचा दाखला सोन्याचा होतो. शिरवलीची 1924 ची नोंद काढायला सांगा. मुलाचं नाव नसेल, कारण बारशाआधीच नोंद व्हायची, नुसतं 'मुलगा' असेल. पण बापाचं नाव असेल, जात असेल, आणि नशीब असेल तर बापाचं राहण्याचं गावही. आजोळच्या वहीतून मूळगाव निघतं ते असं. शाळेतल्या जन्मतारखेवर फार विसंबू नका, मागचीपुढची दोन वर्षंही चाळायला लावा. तेव्हाचे गुरुजी जूनची एखादी तारीख टाकून मोकळे व्हायचे.

वह्या मोडी लिपीत असतील. घाबरू नका. 2023 पासून, न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कुणबी नोंदींच्या शोधात, जिल्ह्याजिल्ह्यांतल्या अशा वह्या कपाटातून बाहेर आल्या, मोडी वाचणाऱ्यांना कधी नव्हे एवढं काम मिळालं, आणि सापडलेल्या नोंदी जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर चढल्या. तुमची जात कोणतीही असो, कागद हुडकून ठेवलेले आहेत याचा फायदा तुम्हालाही होतो. काही जिल्ह्यांचे जुने अभिलेख 'आपले अभिलेख' या सरकारी संकेतस्थळावर आहेत, तिथे तुमचा तालुका आहे का ते खेपा घालण्याआधी पाहा. नाहीतर साधा नकलेचा अर्ज, गाव, सर्व्हे नंबर, साल लिहून. पोच घ्या. 'मिळत नाही' असं तोंडी सांगितलं तर तेच लेखी मागा. माहिती अधिकारात तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं, आणि लेखी 'मिळत नाही' लिहायची वेळ आली की बरेच कागद मिळतात.

एक वाट डोंबिवलीहून सर्वात जवळची आहे, ती शेवटी सांगतोय कारण तिला कागद लागत नाही. गिरणगावात एकेका गावाची 'गावकीची खोली' असायची. गडी नवा आला की तिथे पथारी टाकायचा, जेवण खानावळीत. पुढे त्यांचीच ग्रामस्थ मंडळं झाली. गाव पाण्यात गेलं तरी मुंबईतली मंडळं चालू राहिली, वर्गणीच्या वह्यांसकट. कोयनेचे विस्थापित ठाणे, रायगड, रत्नागिरी, सांगली, सोलापूर असे पांगले, पण पुजेला, जत्रेला एकत्र येतात, आणि नव्या गावठाणात जुनाच देव असतो. लालबाग-परळला जावळी-महाबळेश्वरकडच्या कुठल्याही मंडळात जाऊन आडनाव आणि कुलदैवत सांगा. एक जण दुसऱ्याकडे पाठवेल, दुसरा तिसऱ्याकडे. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यांच्या नामावळ्याही अशाच, गाव आणि आडनाव सांगितलं की पान उघडतं, घरातलं कुणी कधी तिथे विधीला गेलं असेल तर. भावकीकडे बैलावर येणारा, वंशावळी सांगणारा हेळवी अजून येत असेल, तर त्याच्या पोथीतही तुमची शाखा असेल, मुंबईला गेलेल्या भावापाशी ती तुटलेली असेल एवढंच.

जायचं तर एप्रिल-मेमध्ये जा, पाणी उतरलेलं असतं. उजनीत पळसदेवचं देऊळ वर येतं तसं तुमचं देऊळ दिसेलच असं मी म्हणत नाही, पण काठाची जमीन उघडी पडते. बामणोली आणि तापोळा, दोन्हीकडे होड्या मिळतात. पलीकडचा काठ अभयारण्यात आहे, तिथे वनखात्याची परवानगी लागते. गाव नकाशाची झेरॉक्स सोबत ठेवा आणि होडीवाल्याला दाखवण्याआधी त्याला गावाचं नाव नुसतं उच्चारून बघा. तिथले जुने होडीवाले पाण्यावर बोट करून "हितं अमकं, तितं तमकं" असं सांगत नेतात.

पण हे सगळं नंतर. काकांचं वय तुम्ही लिहिलं नाही. या रविवारी त्यांच्याकडे जा, आणि पणजीच्या माहेराचं विचारा.